पिंग होतंय ना? मग झालं तर!

मंडळी, आज जरा भांडायचंय. ज्यांना ‘वीकएंडला तरी ऑफिस नको रे बाबा’ असं वाटत असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही. भांडण एका वाक्याशी आहे. आयटीत दोन-तीन वर्षं काढलेल्या प्रत्येकानं ते ऐकलेलं असतं आणि बऱ्याच जणांनी उच्चारलेलंही असतं: "अरे, आत्तापुरतं एनी एनी टाक ना, नंतर बघू."

नेटवर्कवाले सोडून बाकीच्यांसाठी सांगतो. कुणी कुणाशी बोलायचं याची एक यादी स्विचवर किंवा राउटरवर असते, ॲक्सेस लिस्ट. तिच्या डोक्यावर ‘पर्मिट आयपी एनी एनी’ अशी ओळ बसवली की कुणीही, कुणाशीही, काहीही बोलू शकतं. म्हणजे वॉचमनला सांगायचं, बाबा तू खुर्चीवर बस, पण कुणाला अडवू नकोस. पगार चालू, युनिफॉर्म चालू, काम तेवढं बंद. आणि ही वेळ येते कधी? तर एका व्हीलॅनमधलं यंत्र दुसऱ्या व्हीलॅनमधल्या यंत्राशी बोलत नाहीये अशी तक्रार आली की.

माझं म्हणणं सरळ आहे. दोन व्हीलॅन्समधलं बोलणं बंद असणं हा आपोआप बिघाड होत नाही. ती भिंत बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम घातलेली असते. तेव्हा पहिला प्रश्न हा की या दोघांनी बोलायला हवंय का, आणि हवं असेल तर नेमकं कुणी, कुणाशी, कुठल्या पोर्टवर. दुसरा प्रश्न, पॅकेट कुठपर्यंत पोचतंय आणि उत्तर कुठपर्यंत परत येतंय. या दोन प्रश्नांची उत्तरं नसताना जो कॉन्फिगरेशनला हात लावतो तो दुरुस्ती करत नसतो, नवस बोलत असतो.

थोडं मागे जाऊ. एकाच स्विचवर वेगवेगळ्या गल्ल्या पाडायच्या, ही व्हीलॅनची सगळी कल्पना. १९९८ साली आयईईईनं ८०२.१क्यू हे मानक काढलं. फ्रेमला ४ बाइटचं एक शेपूट, खरं तर पोटातच घुसवलेलं, जोडायचं. त्यातले १२ बिट म्हणजे गल्लीचा नंबर. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, त्यातले ० आणि ४०९५ राखीव, उरतात ४०९४. बस्स, एवढंच.

आता गल्लीत माणसं एकमेकांना कशी शोधतात? हाक मारून. "अरे १९२.१६८.१०.२० कोण आहे रे?" अशी आरोळी ठोकायची (तिला आर्प म्हणतात), ज्याचा पत्ता असेल तो ओ देतो. पण आरोळी गल्लीबाहेर जात नाही. दुसऱ्या गल्लीतला माणूस हवा असेल तर नाक्यावरच्या गेटवेकडे चिठ्ठी द्यायची, तो पलीकडे पोचवतो. हा गेटवे म्हणजे राउटर किंवा लेयर थ्री स्विच. आणि समोरचा माणूस आपल्याच गल्लीतला की बाहेरचा, हे कसं ठरतं? सबनेट मास्कवरून. हे ठरवतं ते यंत्र स्वतः. स्विच नाही, नेटवर्क टीम नाही, यंत्र. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक खरी गोष्ट. कंपनीचं नाव सांगत नाही, पुण्यातली आहे एवढं पुरे. तिसऱ्या मजल्याच्या लिफ्टबाहेर बोट लावायचं हजेरीचं मशीन होतं. इतकी वर्षं ते आणि पगाराचा सर्व्हर एकाच मोठ्या गल्लीत राहत होते. मग कुणीतरी शहाण्यानं (उपरोध नाही, खरोखरच शहाण्यानं) ठरवलं की हजेरीची मशीन्स, कॅमेरे, प्रिंटर यांना वेगळ्या गल्ल्या द्याव्यात. सोमवारी सकाळी मशीन व्हीलॅन ४० मध्ये गेलं. नवीन पत्ता, नवीन मास्क. सर्व्हर व्हीलॅन १० मध्येच राहिला. आणि सर्व्हरला मशीन दिसेना.

मग कॉल. सात जण. मशीनवाल्या कंपनीचा माणूस म्हणतो, "सर, सर्व्हरवरून पिंग होत नाहीये, नेटवर्कचा इश्यू आहे." नेटवर्कचा पोरगा, कंत्राटी, वय असेल चोवीस, म्हणतो, "सर, स्विचवरून पिंग होतंय, नेटवर्क ओके आहे." दोघंही खरंच बोलत होते, बरं का. आणि दोघंही एकमेकांना खोटं ठरवत होते. मॅनेजरसाहेब दर पंधरा मिनिटांनी "ईटीए काय?" विचारत होते. स्विच तीनदा रीस्टार्ट झाला. पॅच कॉर्ड बदलली. सर्व्हरचा फायरवॉल बंद झाला. मंगळवार गेला. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला वरून हुकूम आला: एनी एनी टाका. टाकलं. त्याच वेळी खाली मशीनवाल्याच्या माणसानं ‘एकदा रीसेट मारून बघतो’ म्हणून मशीन फॅक्टरी रीसेट केलं आणि सगळी सेटिंग्ज नव्यानं भरली. दहा मिनिटांत मशीन दिसायला लागलं! टाळ्या. रात्री मेल आली, ‘इश्यू रिझॉल्व्ह्ड, रूट कॉज: एसीएल.’

डोंबल एसीएल!

खरं कारण दोन महिन्यांनी कळलं. चौथ्या मजल्याचं मशीन त्याच व्हीलॅनमध्ये हलवलं आणि तेही गप्प झालं. एनी एनी तर उघडंच होतं, मग आता काय उघडणार? या वेळी सात जणांचा कॉल नव्हता, म्हणून त्या पोराला तासभर शांतपणे बसता आलं. मी शेजारी होतो. त्यानं स्विचवरून पिंग केलं, झालं. मग तेच पिंग सोर्स म्हणून व्हीलॅन १० चा पत्ता देऊन केलं, नाही झालं. तो हसला, उठला, चौथ्या मजल्यावर गेला आणि मशीनची बटणं दाबत नेटवर्कचा मेनू उघडला. पत्ता बरोबर. मास्क बरोबर. गेटवेची जागा ०.०.०.०.

म्हणजे काय झालं होतं बघा. सर्व्हरची चिठ्ठी मशीनपर्यंत व्यवस्थित पोचत होती. मशीननं मास्क बघितला, उत्तर द्यायचा पत्ता दुसऱ्या गल्लीतला निघाला, आणि नाक्यावर कोण बसतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग उत्तर जागीच मेलं. इतकी वर्षं दोघंही एकाच गल्लीत होते, गेटवे कधी लागलाच नाही, त्यामुळे ती रिकामी जागा कुणाच्या डोळ्यांत आली नाही. आणि स्विचवरून पिंग का होत होतं? कारण स्विच पिंग पाठवतो तेव्हा पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्याचाच पत्ता पाठवणारा म्हणून लावतो. म्हणजे तो मशीनशी त्याच्याच गल्लीत उभं राहून बोलत होता. उत्तराला गल्लीबाहेर पडावंच लागलं नाही. तिसऱ्या मजल्यावर रीसेटनंतर त्या माणसानं सगळे रकाने भरले, त्यात गेटवेचाही भरला गेला. काम केलं ते रकान्यानं, हार घातला एनी एनीला. तोवर ऑफिसात दंतकथा तयारसुद्धा झाली होती की ‘हजेरीच्या मशीनला एनी एनी लागतंच.’

हसू येतंय ना? मलाही आलं. पण आता हिशोब ऐका. रीसेट मारला तेव्हा मशीनच्या पोटात साठलेले सोमवार ते बुधवारचे सगळे पंच पुसले गेले. तुमच्या-आमच्यासारख्यांनी एचआरला एक मेल टाकली, ‘प्लीज रेग्युलराइज’, विषय संपला. हाउसकीपिंगच्या मावश्या कंत्राटदाराच्या. त्यानं सांगितलं, मशीनमध्ये नोंद नाही तर तीन दिवसांचे पैसे नाहीत. मुख्य दारावरच्या काकांच्या रजिस्टरमध्ये त्यांच्या सह्या होत्या म्हणून बरं. तेवढ्यावरून ते पैसे सुटले, पण तीन आठवड्यांनी. महिन्याच्या पगारातून तीन दिवस गेले तर कुणाच्या घरी काय होतं, हे त्या सात जणांच्या कॉलवर कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं सुचलंही नसेल.

आणि ती एनी एनीची ओळ? तीच यादी पाहुण्यांच्या वायफायलाही लावलेली होती. पाच महिन्यांनी ऑडिटर आला, रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून वायफाय जोडलं आणि पगाराच्या सर्व्हरचं लॉगिन पान उघडून दाखवलं. बिचारा फार नम्रपणे दाखवत होता. ओरडा कुणाला पडला? त्याच चोवीस वर्षांच्या पोराला. कारण टाकणारा हात त्याचा होता. हुकूम देणारं तोंड कुठल्याच लॉगमध्ये येत नाही.

म्हणून मला त्या ‘आत्तापुरतं’चा राग येतो. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या आणि काम झालं, तर कशामुळे झालं हे आपल्याला कायमचं कळेनासं होतं. त्याला ट्रबलशूटिंग म्हणणं म्हणजे अंगारा, गोळी आणि इंजेक्शन एकदम घेऊन अंगाऱ्यानं ताप उतरला म्हणण्यासारखं आहे.

मग करायचं काय? फार अवघड नाही हो. जवळून लांब जात जायचं. आपल्या यंत्रावरून आधी आपलाच गेटवे. तिथेच अडलं तर पुढच्या व्हीलॅनची चर्चाच नको. पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये असेल, किंवा दोन स्विचमधल्या ट्रंकवरून हा व्हीलॅन जातच नसेल. गेटवे मिळाला तर पलीकडच्या व्हीलॅनचा गेटवे. तोही मिळाला तर पलीकडचं यंत्र. आणि मग, जे सगळे विसरतात ते, हेच सगळं उलट्या बाजूनं. संवाद दोन्हीकडून लागतो. जाणारा रस्ता सापडला म्हणजे येणारा सापडला असं नव्हे.

नव्या लेयर थ्री स्विचवर आणखी एक गंमत असते. व्हीलॅनचे इंटरफेस तयार केले, पत्ते दिले, दोन्ही गेटवे आपापल्या गल्लीत ओ देतात, पण पलीकडे काही जात नाही. सिस्कोच्या कित्येक स्विचवर ‘आयपी राउटिंग’ हा हुकूम वेगळा द्यावा लागतो. आणि व्हीलॅनचा इंटरफेस ‘डाउन’ दिसत असेल तर घाबरू नका. त्या व्हीलॅनमध्ये एकही जिवंत पोर्ट नसेल तर तो डाउनच राहतो, तसाच बनवलाय.

मास्कची चूक तर फारच गोड. व्हीलॅन १० मधल्या यंत्राला २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० दिलं, की १९२.१६८.२०.५ हा शेजारच्या गल्लीतला माणूस त्याला आपल्याच गल्लीतला वाटतो. तो गेटवेकडे जातच नाही, जागेवरून हाका मारत बसतो. यात भर म्हणजे काही राउटर अशा वेळी दुसऱ्याच्या वतीनं ओ देतात. प्रॉक्सी आर्प म्हणतात त्याला, सिस्कोमध्ये मुळातच चालू असतं. मग चुकीचा मास्क असूनही सगळं चालतं. चालतं, चालतं, आणि ज्या दिवशी कुणी राउटर बदलतो किंवा सुरक्षेसाठी ते बंद करतो त्या दिवशी अख्खा मजला बोंबलतो, आणि शिव्या नव्या राउटरला.

आता शीर्षकातल्या पिंगबद्दल. पिंग झालं म्हणजे काम झालं नाही, आणि पिंग झालं नाही म्हणजे नेटवर्क पडलं असंही नाही. विंडोजचं उदाहरण घ्या. त्याच्या फायरवॉलमध्ये पिंगला उत्तर द्यायचा जो तयार नियम येतो, तो प्रायव्हेट प्रोफाइलमध्ये ‘लोकल सबनेट’पुरता असतो. म्हणजे शेजारच्या टेबलावरून पिंग होतंय, दुसऱ्या व्हीलॅनमधून नाही. लक्षण शंभर टक्के व्हीलॅनचं, रोग मात्र त्या पीसीचा! यावर किती स्विच बळी गेले असतील देव जाणे. उलट दोन गल्ल्यांत दोन पाय ठेवून उभा असलेला सर्व्हर घ्या. मागणी एका कार्डवर येते, उत्तर दुसऱ्या कार्डावरून जवळच्या रस्त्यानं निघून जातं. मधल्या फायरवॉलनं संभाषणाची एकच बाजू ऐकलेली, त्यामुळे तो ते तोडतो. अशा ठिकाणी एनी एनी टाकूनही ढिम्म फरक पडत नाही, कारण अडचण परवानगीची नाहीच, रस्त्याची आहे.

आणि तो कुप्रसिद्ध ‘ॲड’ शब्द. ट्रंकवर नवीन व्हीलॅन ३० घालायचं म्हणून ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ टाइप केलं, मधला ‘ॲड’ राहिला, की जुनी सगळी यादी उडते आणि ट्रंकवर फक्त ३० उरतं. एन्टर दाबल्याबरोबर मजला अंधारात. एका शब्दावर असं गाव टांगणारा हुकूम ज्यानं लिहिला त्याला एकदा चहाला बोलवायची इच्छा आहे.

असो. तुम्ही म्हणाल, एवढं काय आभाळ कोसळतंय भिंत पाडली तर? आत सगळे आपलेच लोक. २७ जून २०१७ आठवतोय? नॉटपेट्या. युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरलं आणि यंत्रावरून यंत्रावर पसरत गेलं. मर्स्क या जहाज कंपनीला ४००० सर्व्हर आणि ४५००० पीसी दहा दिवसांत पुन्हा उभे करावे लागले, हे खुद्द त्यांच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं. आणि त्याच फटक्यात आपल्या न्हावाशेव्याला, तेव्हाच्या जेएनपीटीत, मर्स्कच्याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. युक्रेनची आग उरणपर्यंत. नुसती व्हीलॅन्स असती तर हे टळलं असतं असं मी म्हणत नाही. ते चोरलेले पासवर्डही वापरत होतं, आणि नुसत्या गल्ल्या पाडून नाक्यावर कुणी अडवत नसेल तर त्या गल्ल्यांचा उपयोग रहदारीपुरताच. पण मग नाक्यावरच्या माणसाला आपण होऊन झोपवायचं कशाला?

दुसरा आक्षेप, आमच्या मॅनेजरांचा आवडता: धंदा थांबलाय, तुझं शास्त्र ठेव बाजूला. मान्य. कधीकधी खरंच उघडावं लागतं. मग उघडा की! पण त्या एका सर्व्हरपासून त्या एका मशीनपर्यंत, त्या एका पोर्टपुरतं उघडा, आणि कुणी सांगितलं त्याचं नाव रिमार्कमध्ये लिहा. सिस्कोच्या यादीत वेळेची मुदत घालता येते, शुक्रवारी सहाला ती ओळ आपोआप निकामी होते. म्हणजे ‘नंतर बघू’ची आठवण माणसाला ठेवावी लागत नाही. ही सोय वापरलेली मी प्रत्यक्षात दोनदाच पाहिली आहे, दोन्ही वेळा त्याच पोरानं.

आणि "आता सगळं क्लाउडवर आहे, व्हीलॅन वगैरे जुनं झालं" म्हणणाऱ्या मित्रांनो, तुमच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये जे ०.०.०.०/० आहे ना, ते एनी एनीच आहे, फक्त नवीन कपड्यांत. ॲमेझॉनच्या व्हीपीसीमध्ये तर सबनेट-सबनेटमधला रस्ता मुळातच मोकळा असतो, अडवायचं ते सिक्युरिटी ग्रुपनं किंवा नेटवर्क एसीएलनं. ग्रुपला उत्तराची वाट लक्षात राहते, एसीएलला राहत नाही, तिथे परतीची परवानगी वेगळी लिहावी लागते. तीच ती परतीची वाट. जागा बदलली, विसरायची सवय तीच.

सॉफ्टवेअरवाल्यांना शेवटचं. ‘नेटवर्क चालत नाहीये, अर्जंट’ असं तिकीट टाकणं बंद करा राव. कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पत्त्याकडे, कुठला पोर्ट, आधी चालत होतं का, आणि कधीपासून बंद आहे, एवढं लिहा. टाइमआउट येतोय की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, तेही लिहा. रिफ्यूज्ड आलं तर पॅकेट बहुतेक वेळा पोचलेलं असतं, तिथे ऐकणारा प्रोग्रॅमच उठलेला नसतो, आणि मग नेटवर्कवाल्याला झोपेतून उठवायच्या आधी स्वतःची सर्व्हिस एकदा बघून घ्या. लिहायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात मी चहा घेऊन येतो.